उन्हाळ्यातला निवांत वीकेंड, दहा जणांचा स्वयंपाक आणि आपणही त्यात बसायचं: तुम्ही कसं जमवता?

झुळूक

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सगळे मित्रमैत्रिणी माझ्या घरी जमलो होतो आणि मी नऊ पदार्थ केले होते. नऊ! सकाळी सहापासून ओट्याशी उभी, सगळ्यांना गरम गरम मिळावं म्हणून एकेक ताट भरून बाहेर पाठवत होते, बाहेरून हसण्याचे आवाज येत होते आणि मला वाटत होतं की छान चाललंय. रात्री सगळे गेल्यावर भांडी आवरताना नवरा म्हणाला, ती दुसऱ्या देशात चाललीये हे ऐकून कसंतरीच झालं ना. मला काहीच माहीत नव्हतं. माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण, तिने ही बातमी माझ्याच घरी, मी केलेलं जेवताना सगळ्यांना सांगितली आणि मी तेव्हा आत तळण काढत होते.

ते वर्षभर मनातून गेलं नाही. या वर्षी ती सुट्टीवर येणार म्हटल्यावर मी एकच गोष्ट ठरवली, की शनिवार-रविवार दोन्ही दिवस मी पाठ करून उभी राहणार नाही. पदार्थ कमी करायचे हा भाग नव्हता (आठ प्रकार झालेच), काम कधी आणि कुणी करायचं ते बदललं. जे मुरल्यावर चांगलं लागतं ते सगळं शुक्रवारी रात्री केलं. जे गरमच खायला हवं असं फक्त एक ठेवलं, निखाऱ्यांवर भाजणं, आणि तेही बाहेर, सगळ्यांच्या मध्ये बसून.

शुक्रवारी रात्री काय काय केलं ते सांगते कारण खरा फरक तिथेच पडला. अर्धा किलो पिठात ३३० ग्रॅमच्या आसपास पाणी, १० ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा कोरडं यीस्ट घालून मळलं, तासभर बाहेर ठेवलं आणि मग झाकून फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात पीठ बाहेर ठेवलं तर बघता बघता फुगून आंबट होतं, थंडीत यीस्ट सावकाश काम करतं त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपल्याला घाई नाही आणि चवही जास्त चांगली येते. दही फडक्यात बांधून गाळणीत ठेवलं, फ्रीजमध्येच. बटाटे सालासकट उकडले, थंड पाण्यापासूनच सुरुवात केली म्हणजे बाहेरून पीठ आणि आतून कच्चे असं होत नाही, पाण्यात मीठ भरपूर. लिंबू सरबत करून त्याचाच अर्धा भाग बर्फाच्या ट्रेमध्ये ओतला, त्यामुळे ग्लासातला बर्फ विरघळला तरी सरबत पांचट होत नाही. ही युक्ती मला आधी का सुचली नाही असं झालं.

शनिवारी सगळे चारच्या सुमारास आले, ऊन उतरायला लागलं होतं. सावलीत सतरंजी टाकली, मध्ये दोन मोठ्या पराती, चार सुऱ्या, चार पाट ठेवले आणि सांगितलं की आता चिरायचं. दीड तास नुसतं चिरणं आणि गप्पा चालल्या होत्या. हात कामात असले की माणसं वेगळं बोलतात, हे मी आधीही पाहिलंय, समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की जे निघत नाही ते शेंगा सोलताना निघतं. मैत्रिणीने तिकडचं पहिलं वर्ष कसं गेलं ते सगळं काकडी सोलता सोलता सांगितलं. यावेळी मी ऐकलं.

मग निखारे, त्यावर आख्खी वांगी, कणसं, उकडलेल्या बटाट्याचे जाड काप, आणि शेवटी त्या पिठाचे हाताने थापलेले चपटे ब्रेड. ब्रेड प्रत्येकाने आपापला थापला, एकाचाही गोल झाला नाही. जेवण साडेसातला सुरू झालं आणि साडेदहापर्यंत चाललं. अर्धे लोक राहायलाच होते, त्यामुळे रविवारी सकाळी उशिरा उरलेल्या भाजक्या वांग्याचा गर, चक्का, लसूण, लिंबू एकत्र करून आणि उरलेलं पीठ भाजून नाष्टा झाला.

तीन आठवड्यांनी पुन्हा जमायचंय, यावेळी चौदा जण, त्यात चिकन खाणारे पाच आणि लहान मुलं तीन. त्यामुळे विचारायचं होतं:

चिकन आदल्या रात्री मुरवलं तर चालतं का, किती आधी? भात करावा का, की चौदा जणांत भात नकोच? आणि बर्फ, यावेळी पाचलाच संपला होता. शिवाय तुमच्याकडे असे वीकेंड कसे होतात तेही लिहा, मला वाचायला फार आवडेल.

साखरझोप

किती छान लिहिलंयस गं. शेंगा सोलतानाचं अगदी अगदी. माझी आणि माझ्या सासूबाईंची खरी ओळख लसूण सोलताना झाली.

सरबताच्या बर्फाची आयडिया आजच करणार.

रानवाट

मस्त धागा. निखाऱ्यांचं मी सांगतो कारण गेली बरीच वर्षं मित्रांमध्ये ते काम माझ्याकडेच असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. कोळसा पेटला, ज्वाळा दिसल्या की लोक जाळीवर कणसं टाकतात आणि मग बाहेरून काळं आतून कच्चं. ज्वाळा पूर्ण बसल्या पाहिजेत आणि कोळशावर राखाडी राखेचा थर दिसला पाहिजे, त्याला साधारण अर्धा तास तरी जातो, वारा नसेल तर जास्तच. म्हणजे सातला भाजायचं असेल तर सव्वासहाला पेटवा. आणि सगळे निखारे एकसारखे पसरू नका, एका बाजूला ढीग करा, दुसरी बाजू मोकळी ठेवा. ढिगावर रंग आणायचा, मोकळ्या बाजूला सरकवून आतपर्यंत शिजू द्यायचं. चौदा जण असतील तर हे फारच उपयोगी कारण झालेलं सगळं मोकळ्या बाजूला गरम राहतं आणि कुणालाही ताटकळावं लागत नाही.

दुसरं म्हणजे, जे भाजायचं ते कोरडं हवं. भाजल्याचा जो खमंग वास आणि तपकिरी रंग येतो ना, तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वरच नीट धरतो. पृष्ठभागावर पाणी असेल तर ते उडेपर्यंत तापमान १०० च्या पुढे जातच नाही, म्हणजे तोपर्यंत आपण भाजत नसून वाफवत असतो. साखर आणि प्रथिनं यांच्यातली ही क्रिया लुई कामीय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली, तिला त्याचंच नाव आहे. त्यामुळे बटाट्याचे काप उकडल्यावर दहा मिनिटं चाळणीत वाफ जाऊ द्या, मग तेलाचा हात लावा. वांग्याला मात्र सुरीने दोन-चार ठिकाणी टोचा, नाहीतर आतल्या वाफेने फुटतं आणि गरम गर अंगावर येतो.

आणि हे अगदी कळकळीने सांगतोय, पाऊस आला किंवा वारा सुटला तर शेगडी घरात, गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत घेऊ नका. निखारे लाल दिसत नसले तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो, त्याला वास नाही, रंग नाही, कळतच नाही. जेवण अर्धवट राहिलं तरी चालेल. विझवतानाही रात्रभर बाहेरच राहू द्या, राख सकाळपर्यंत आतून गरम असते, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात तर अजिबात टाकू नका.

कणसं त्याच दिवशी आणा. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, दोन दिवसांनी तेच कणीस अर्धं गोड लागतं.

चिमूटभर

झुळूकताई, चिकन आदल्या रात्री चालतं, नुसतं चालत नाही तर तसंच करा. फक्त रात्री मीठ लावायचं, आंबट नाही.

मीठ लावल्यावर आधी मांसातलं पाणी बाहेर येतं, ते बघून लोक घाबरतात की सुकं होणार. पण थांबलं की मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि तेच खारं पाणी परत आत जातं, मग शिजताना ओलावा धरून ठेवतं. एक किलोला १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बारीक मिठाचे दोन सपाट छोटे चमचे. रात्रभर झाकून, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे थेंब पडला तरी दुसऱ्या खाण्यावर पडत नाही.

लिंबू, व्हिनेगर दुसऱ्या दिवशी, भाजायच्या तास-दोन तास आधी. रात्रभर लिंबात ठेवलं तर बाहेरचा थर आंबटाने पांढरट आणि पिठूळ होतो. दही तितकं कडक नाही, त्यात रात्रभर ठेवलं तर बिघडत नाही. आणि कच्ची पपई किंवा कच्चा अननस वाटून लावणार असाल तर अर्धा तास म्हणजे अर्धाच तास, त्यातली द्रव्यं मांसाचे धागेच तोडतात, विसरलात तर लगदा हातात येतो.

आता मला जे खरं सांगायचं होतं ते. थंड पदार्थाची चव थंड झाल्यावर घ्या! उन्हाळ्यात आपण सगळं आधी करून फ्रीजमध्ये टाकतो आणि चव मात्र गरम असताना बघतो. थंडीत जिभेला गोड कमी लागतं, मीठमसालाही दबल्यासारखा वाटतो. म्हणून बटाट्याचं सॅलड काल झकास होतं आणि आज बेचव. वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढून परत एकदा मीठ, लिंबू, थोडं तेल. सरबत कोमट असताना जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे, तरच थंड झाल्यावर बरोबर बसतं.

टोमॅटो फ्रीजमध्ये नका ठेवू एवढं ऐका माझं. साधारण १२ अंशांच्या खाली त्यांचा वास तयार होणं बंद पडतं आणि बाहेर काढल्यावर तो पूर्ण परत येत नाही. चिरलेला असेल तर नाइलाज आहे.

पायरीवरची मांजर

वाचनखूण साठवली आहे. चिमूटभर, टोमॅटोचं मला खरंच माहीत नव्हतं, आयुष्यभर फ्रीजमध्ये ठेवत आले.

तिसरा प्रहर

भाताचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

चार वर्षांपूर्वी असंच एक दुपारचं जेवण होतं, आम्ही बारा जण. मोठं पातेलंभर भात उरला. उन्हाळा, सगळे सुस्तावलेले, पातेलं झाकून ओट्यावरच राहिलं. रात्री तोच भात मी कांदा-लसूण घालून कडकडीत परतला आणि सगळ्यांना वाढला, वास चांगला, चव चांगली. दोन-तीन तासांत सात जणांना उलट्या सुरू झाल्या, त्यात एक आजी आणि एक पाच वर्षांची मुलगी. रात्रभर जागून काढली. सगळे बरे झाले, पण आजींचा तो चेहरा मी विसरलेले नाही आणि तेव्हापासून हे विषय मी नीट समजून घेतलेत.

भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरियस नाव त्याचं, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणजे 'कडकडीत गरम केलंय' या वाक्याला भातापुरता काही अर्थ नाही. आधीच थंड करायला हवा होता.

सगळ्याच शिजवलेल्या पदार्थांना धरून नियम असा की ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. त्यात दोन तासांपेक्षा जास्त काही राहू द्यायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. उन्हाळी दुपारी बाहेर टेबल मांडलं की हा एक तास कधी संपतो कळत नाही, म्हणून मी आता मोबाइलवर गजर लावते. कुणाला विचित्र वाटत असेल तर वाटू दे.

त्यामुळे भात करा, पण दोन वेळा थोडा थोडा करा, आणि उरला तर पातेल्यात नको, परातीत किंवा पसरट ट्रेमध्ये पातळ थर करून गार करा, लवकर निवतो, मग लगेच फ्रीज. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तर मधला भाग कित्येक तास कोमट असतो.

अजून दोन गोष्टी. कच्च्या चिकनचा चिमटा आणि झालेलं उचलायचा चिमटा वेगळा, ताटही वेगळं. चिकन आतपर्यंत ७४ अंश झालं पाहिजे, स्वस्तातला टोचायचा थर्मामीटर मिळतो तो घ्या, निखाऱ्याच्या उजेडात रंग बघून काही कळत नाही. आणि कच्च्या अंड्याचं मेयॉनीज उन्हाळ्यात घरी नका करू, लहान मुलं आहेत म्हणता.

झुळूक

तिसरा प्रहर, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद, सोपं नसणार. मी गेल्या वेळी बटाट्याचं सॅलड जवळजवळ तीन तास बाहेर ठेवलं होतं, आता वाचून पोटात गोळा आला. यावेळी वाडगा बर्फाच्या परातीत ठेवीन आणि गजरही लावीन.

रानवाट दादा, सव्वासहाला पेटवायचं लिहून ठेवलंय. चिमूटभर, मीठ रात्री, लिंबू दुपारी, पक्कं.

दोन घास

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

मला स्वयंपाकघरात लोक आलेले आवडत नाहीत. कुणी कांदा जाड चिरतं, कुणी माझी सुरी सिंकमध्ये बुडवून ठेवतं, आणि दर दोन मिनिटांनी 'आता काय करू' विचारतात, त्यापेक्षा मी एकटा पटापट करतो. माझ्यासाठी मित्रांना जेवायला घालणं म्हणजे मी दोन दिवस त्यांच्यासाठी राबलो हेच आहे. ते आले, हात धुतले, बसले आणि पहिला घास घेतल्यावर एक क्षण सगळे गप्प झाले, तो क्षण मला हवा असतो. झुळूकला जे झालं ते वाईट झालं, पण सगळ्यांनी मिळून करणं हाच एक बरोबर मार्ग आहे असं मला वाटत नाही.

साखरझोप

@दोन घास, तो गप्प होण्याचा क्षण मला पण फार प्रिय आहे. पण एक विचारू का, तुम्ही त्यांच्यासोबत बसून जेवता का?

दोन घास

बहुतेक वेळा नाही. शेवटी जेवतो.

रानवाट

मला दोन घास यांचं म्हणणं पटतं आणि नाहीही. एकट्याने करण्यात मजा आहेच, मी स्वतः निखाऱ्यांजवळ कुणाला येऊ देत नाही. पण 'आता काय करू' हा प्रश्न येतो कारण काम नीट वाटून दिलेलं नसतं. 'जरा मदत कर' म्हणू नका, 'या सहा काकड्या, अशा जाडीच्या, या परातीत' असं म्हणा, एक काप स्वतः करून दाखवा आणि निघून जा. पाच मिनिटांत माणूस रमतो. आणि ज्या कामात बिघडलं तरी काही अडत नाही तीच पाहुण्यांना द्या, पुदिना खुडणं, कणसं सोलणं, लसूण, ब्रेड थापणं. मीठ आणि आग आपल्याकडे ठेवा.

चिमूटभर

मीठ आणि आग आपल्याकडे. शंभर टक्के.

निळी छत्री

बर्फाचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

चौदा जणांना उन्हाळ्यात माणशी अर्धा किलो धरा, त्यात पेयात घालायचा वेगळ्या डब्यात आणि बाटल्या गार करायचा वेगळ्या टबात, एकत्र केला की सगळ्यांचे हात पेयाच्या बर्फात जातात. टबात नुसता बर्फ टाकू नका, त्यात पाणी ओता. बर्फाचे तुकडे बाटलीला जागोजागीच टेकतात, मध्ये हवा असते, पाणी मात्र सगळीकडून टेकतं, त्यामुळे बाटली वीस-पंचवीस मिनिटांत गार होते. त्यात मूठभर मीठ टाकलं तर अजून पटकन. टब सावलीत, वर ओला पंचा, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं.

आणि तीन मुलं आहेत ना, त्यांना आइस्क्रीम करू द्या, पिशवीतलं. लहान झिपच्या पिशवीत एक कप दूध-साय, दोन चमचे साखर, थोडा फळाचा गर, हवा काढून घट्ट बंद करा आणि दुसऱ्या पिशवीत घाला. ती एका मोठ्या पिशवीत ठेवा ज्यात चार-पाच कप बर्फ आणि अर्धा कप जाडं मीठ आहे. मग दहा-पंधरा मिनिटं हलवायचं, फेकायचं, नाचवायचं. मीठ घातल्यावर बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो (मीठ आणि बर्फाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ पर्यंत जाऊ शकतं, आपल्या पिशवीत एवढं होत नाही, उणे दहाच्या आसपास झालं तरी पुरे), म्हणून दूध गोठतं. नुसत्या बर्फाने कधीच गोठणार नाही कारण साखरेच्या दुधाला शून्याच्या खाली जावं लागतं. पिशवीला जाड टॉवेल गुंडाळा, उघड्या हाताने धरली तर थंडीने कातडी भाजते, हे मुलांना आधी सांगा.

कलिंगड कापायच्या आधी बाहेरून धुवा. सुरी सालावरची घाण थेट गरात नेते. कापल्यावर तेही फ्रीजमध्ये, त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी आणि वर साखर, पटकन खराब होतं.

पायरीवरची मांजर

माझं एका खोलीचं घर आहे, बाहेर जागा नाही, निखारे नाहीत. तरी चार मैत्रिणी येतात. वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं मोठ्या घरांसाठीच असतं का?

झुळूक

अगं नाही! चौघींत तर खरी मजा. वांगं गॅसच्या आचेवर भाज, खिडकी उघडी ठेवून. ब्रेड जाड बुडाच्या तव्यावर, तवा चांगला तापू दे, वर झाकण दोन मिनिटं, छान फुगतो. पीठ आदल्या रात्रीचं असलं की भर दुपारी ओव्हन लावायलाच नको, घर तापत नाही. चिरायला पलंगावर वर्तमानपत्र पसरून बसा चौघी.

तिसरा प्रहर

आणि ब्रेड उरला तर फ्रीजमध्ये नको गं, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर कडक होतो. एकतर फडक्यात गुंडाळून बाहेर, नाहीतर सरळ फ्रीजर, मग तव्यावर गरम केला की परत मऊ.

मैत्रिणींपैकी कुणाला काही चालत नसेल, शेंगदाणे, दूध, गहू, तर आधीच विचार. टेबलावर बसल्यावर विचारलं की ती बिचारी 'काही नाही गं चालेल' म्हणते. आणि ज्याला चालत नाही त्याचं पहिल्यांदा, स्वच्छ भांड्यात करायचं, शेवटी नाही.

दोन घास

काल आमच्याकडे पाच जण आले होते. इथलं वाचून मी रानवाट यांनी सांगितलं तसं केलं, फक्त एकच काम दिलं, एका मित्राला पुदिना खुडायला बसवलं माझ्यासमोर ओट्याच्या पलीकडे. तो गेले आठ महिने नोकरीशिवाय आहे आणि आम्ही कुणीच त्याला काही विचारत नव्हतो. त्याने अर्धी जुडी खुडून होईपर्यंत स्वतःहून सगळं सांगितलं. मी कांदा परतत होतो, नजरेला नजर द्यावी लागत नव्हती दोघांनाही, बहुतेक म्हणूनच.

काल मी सगळ्यांसोबत बसून जेवलो. शेवटची फोडणी द्यायची राहिली, कुणाच्या लक्षात आलं नाही.

रानवाट

दोन घास, वाचून फार बरं वाटलं. मित्राला सांगा, काही लागलं तर कळवा.

झुळूक

झालं एकदाचं! तेराच जण आले, एकाच्या मुलीला ताप होता, त्यांचं ताट डब्यात भरून पाठवलं (गार करून, पसरून, तिसरा प्रहर यांच्या पद्धतीने).

चिकनला रात्री मीठ, दुपारी तीनच्या सुमारास दही-लिंबू-लसूण. दोन शेगड्या मांडल्या, एक भाजीवाल्यांची, एक चिकनवाल्यांची, चिमट्यांना लाल आणि हिरवी दोरी बांधली, कुणाचा गोंधळ झाला नाही. पेटवलं सव्वासहालाच पण वारा पडला होता म्हणून राख धरायला पाऊण तास गेला, तेवढ्यात मुलांचं आइस्क्रीम सुरू होतं त्यामुळे कुणी घड्याळ बघितलं नाही. आइस्क्रीम मऊच झालं, चमच्याने प्यायल्यासारखं, पण मुलांनी ते तेरा वाट्यांत वाटलं, प्रत्येकाला दोन-दोन चमचे, मोजून. एक पिशवी फुटून खारट झाली, म्हणून आतली पिशवी दुहेरी करा हे निळी छत्री यांनी लिहिलं होतं ते वगळू नका, आम्ही एकदाच वगळलं.

भात एक छोटं पातेलं केला, संपला. बटाट्याचं सॅलड बर्फावर ठेवलं आणि वाढताना पुन्हा लिंबू-मीठ घातलं, खरंच वेगळं लागतं. बर्फ सात किलो आणला, रात्री थोडा उरला.

मैत्रीण मागच्या आठवड्यातच परत गेली होती. संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल लावला, तिच्याकडे तेव्हा सकाळ होती, फोन आम्ही परातीला टेकवून उभा केला आणि ती तिकडे तिच्या ओट्याशी काकड्या घेऊन बसली, आम्ही इकडे. तिने त्या पिठाचं प्रमाण पुन्हा विचारलं म्हणून इथेच लिहिते, तीही वाचते हे: पीठ अर्धा किलो, पाणी ३३०, मीठ १०, यीस्ट अर्धा चमचा, तासभर बाहेर मग रात्रभर फ्रीज. तुमच्याकडे आता गारठा असेल तर बाहेर दोन तास ठेव.